बिअरचा कॅन, हेलिकॉप्टर आणि काकांचं फॉरवर्ड

काल सकाळी फॅमिली ग्रुपवर काकांनी गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली एक फॉरवर्ड टाकलं. हेच मला आधी ऑफिसच्या ग्रुपवर आलंय, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आलंय, आणि इंग्रजीत तर ते वर्षानुवर्षं फिरतंय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत क्रिस क्रिस्टोफरसन नावाचा एक गरीब झाडूवाला होता, त्याला गाणी लिहायचा नाद, पण कुणी दारात उभं करत नव्हतं, मग एक दिवस त्यानं हेलिकॉप्टर पळवलं आणि थेट जॉनी कॅश या सुपरस्टारच्या लॉनवर उतरवलं, एका हातात बिअर, दुसऱ्या हातात गाण्याची टेप, कॅशनं ते गाणं गायलं आणि झाडूवाला रातोरात स्टार झाला. खाली ठरलेली ओळ, डिग्र्या फाडा आणि स्वप्नांमागे धावा. त्याच्या खाली डझनभर अंगठे, आणि आमच्या धाकट्या चुलतभावाचं "चला, मी पण राजीनामा टाकतो".

काका, रागावू नका, तुम्ही चांगल्या मनानंच टाकलंत. पण या माणसाची गाणी मी कॉलेजपासून ऐकतोय, आणि चुलतभावाची ती कमेंट वाचून गप्प बसवेना. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, "गरीब झाडूवाला". झाडू मारायचा हे शंभर टक्के खरं, नॅशव्हिलला, म्हणजे अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या माहेरघरी, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तो सफाईचं काम करायचा, ॲशट्रे रिकामे करायचा, फरशी पुसायचा. १९६६ त गायक बॉब डिलन तिथं 'ब्लाँड ऑन ब्लाँड' या अल्बमचं रेकॉर्डिंग करायला आला तेव्हा हे साहेब तिथंच कचरा गोळा करत होते. पण गरीब? अशिक्षित? अहो, बाप एअर फोर्समधे जनरल! पोरगा पोमोना कॉलेजातून साहित्यात पहिल्या फळीत पास झालेला, अटलांटिक मंथली मासिकाच्या कथास्पर्धेत बक्षिसं घेतलेला, मग ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात जाऊन विल्यम ब्लेकच्या कविता शिकलेला, वर तिथं बॉक्सिंगपण केलेलं. मग आर्मीत गेला, रेंजर ट्रेनिंग केलं, हेलिकॉप्टर पायलट झाला, पश्चिम जर्मनीत पोस्टिंग, कॅप्टनपर्यंत पोचला. १९६५ त त्याला वेस्ट पॉईंटला, म्हणजे आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीसारखं समजा, इंग्लिश साहित्य शिकवायची नेमणूक मिळालेली होती. ती नाकारून तो नॅशव्हिलला आला.

म्हणजे झाडू त्याच्या हातात परिस्थितीनं दिला नव्हता, त्यानं तो स्वतः उचलला होता, कारण त्या स्टुडिओच्या आत शिरायचा दुसरा रस्ता त्याच्याकडे नव्हता. आणि गंमत म्हणजे आत शिरूनही उपयोग नाही, सफाईवाल्यानं कलाकारांना गाणी ऐकवायची नाहीत असा नियम होता. नोकरी गाण्यांच्या मधोमध आणि तोंड उघडायची बंदी.

दुसरं, "हेलिकॉप्टर पळवलं". पळवायला तो काय रस्त्यावरचा चोर होता? तो ट्रेंड आर्मी पायलट, सैन्य सोडल्यावरही नॅशनल गार्डमधे, म्हणजे तिथल्या अर्धवेळ सैन्यात, उडवायचाच. त्या दिवशी नेलेलं हेलिकॉप्टर गार्डचंच होतं असं तो स्वतः सांगायचा. परवानगी घेऊन कुणाच्या अंगणात उतरला नाही हे खरं, आगाऊपणा होताच, पण "पळवलं" म्हटलं की वाटतं कुणीतरी पेट्रोल पंपावरून चावी लावलेली बाईक नेली.

आता तिसरा मुद्दा, माझा सगळ्यात लाडका. एका हातात बिअर, दुसऱ्या हातात टेप. हा किस्सा खुद्द जॉनी कॅशच रंगवून सांगायचा, त्यामुळं लोकांनी का मानू नये? पण हेलिकॉप्टर कसं चालवतात ते बघा. डाव्या हाताला सीटशेजारी एक दांडा असतो, तो वर-खाली करून हेलिकॉप्टर वर-खाली जातं. उजव्या हातात मधली स्टिक, तिच्यानं पुढं-मागं, डावी-उजवीकडं. दोन्ही पाय पेडलवर, नाहीतर शेपूट गरागरा फिरायला लागेल. उतरताना तर हे चारही अवयव एकाच वेळी कामाला, नाक खाजवायची सोय नाही. बिअर कुठल्या हातात धरणार? क्रिस्टोफरसन पुढं मुलाखतींमधे हसत हेच म्हणायचा, की बिअर घेऊन उडवताच येत नाही, आणि माझ्या आठवणीप्रमाणे जॉन, म्हणजे कॅश, त्या वेळी घरी नव्हताच. कॅशची आठवण जरा कल्पक आहे असं त्याचं म्हणणं, पण त्यानं चारचौघांत मित्राला कधी खोटं पाडलं नाही. दोस्ताचा किस्सा, असू दे.

आणि ती टेप! फॉरवर्डमधे लिहिलंय की त्यात 'संडे मॉर्निंग कमिंग डाऊन' होतं. क्रिस्टोफरसनच्या म्हणण्याप्रमाणे ते गाणं नव्हतंच, दुसरंच कुठलंतरी होतं जे पुढं कुणीच रेकॉर्ड केलं नाही. एवढा उडत गेला, लॉनवर उतरला, आणि नेलेलं गाणं पडलंच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे कळलं असतं तर बिचाऱ्यानं पोस्टच केली नसती.

चौथं, "कॅशनं गायलं आणि रातोरात". इथं जरा थांबायला लागेल कारण खरी गोष्ट या रातोरातमधेच दडपलीय. तो नॅशव्हिलला आला १९६५ त. १९६६ त डेव्ह डडलीनं त्याचं 'व्हिएतनाम ब्लूज' गायलं, ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत, म्हणजे चार्टवर, पहिल्या विसात गेलं. (हे गाणं युद्धाला विरोध करणाऱ्यांवर चिडलेलं होतं, आणि हाच माणूस पुढं अमेरिकेच्या युद्धांविरुद्ध सगळ्यात जोरात बोलणाऱ्यांमधे गेला, तो वेगळाच विषय.) १९६८ त रॉय ड्रस्कीनं एक गायलं. १९६९ त रॉजर मिलरनं 'मी अँड बॉबी मॅगी' गायलं. आणि ज्या 'संडे मॉर्निंग'चं श्रेय लॉनला दिलं जातं ते आधी रे स्टीव्हन्सनं १९६९ त रेकॉर्ड केलेलं, कॅशचं नंतर आलं, १९७० त, आणि नंबर एकवर गेलं. रात्र कुठली, पाच वर्षं झाली की.

बरं, गाणी रेकॉर्ड होत होती तर झाडू कशाला, असं चुलतभाऊ विचारेल. तर नॅशव्हिलचा हिशेब ऐक. तिथं लिहिणारा वेगळा, गाणारा वेगळा. लिहिणाऱ्याचा एक पब्लिशर असतो, तो डेमो, म्हणजे गाण्याचं नमुन्यादाखल रेकॉर्डिंग, करून घेतो आणि गायकाच्या प्रोड्यूसरपर्यंत पोचवतो. त्या काळी अमेरिकेत कायद्यानं ठरलेला दर होता, विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डवर एका गाण्यामागे २ सेंट. त्यातला अर्धा पब्लिशरचा. म्हणजे लेखकाला १ सेंट. लाख रेकॉर्डी खपल्या तर हातात हजार डॉलर, रेडिओचे पैसे वेगळे पण ते सावकाश येणार. आणि लाख खपणारी गाणी किती असतात? बाकीची डेमोतच मरतात. घरी बायको, दोन मुलं, त्यातल्या मुलाला जन्मतः अन्ननलिकेचा त्रास, दवाखान्याची बिलं डोक्यावर.

मग पैसे कुठून आले? हेलिकॉप्टरमधून. लॉनवरच्या नाही, दुसऱ्या. लुईझियानामधे एका कंपनीसाठी तो मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेऊन सोडायचा. एक आठवडा समुद्रावर, एक आठवडा नॅशव्हिलला गाणी घेऊन दारोदार, परत समुद्रावर. ही त्याची ड्यूटी. 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाईट' असंच एका प्लॅटफॉर्मवर बसून लिहिलेलं. चारी बाजूला पाणी, लोखंडाचा मचाण, दुसरीकडे जायला जागा नाही.

'बॉबी मॅगी'ची गोष्ट तर त्याहून मजेशीर. मॉन्युमेंट या रेकॉर्ड कंपनीच्या फ्रेड फॉस्टरनं त्याला एक टायटल दिलं, त्याच बिल्डिंगमधल्या ऑफिसात काम करणाऱ्या एका सेक्रेटरीच्या नावावरून, आडनाव होतं मॅक्की, याला ऐकू आलं मॅगी. कित्येक महिने त्याला काही सुचेना. शेवटी लुईझियानात रस्त्यानं गाडी चालवताना, पाऊस, वायपरचा तो टकटक ताल, डोक्यात फेलिनीचा 'ला स्ट्राडा' हा सिनेमा, त्यातला एकटा पडलेला माणूस, आणि गाणं जमलं. वायपर गाण्यातसुद्धा आलेत, ऐकून बघा. टायटल दिलं म्हणून फॉस्टरचं नावही लेखक म्हणून लागलं. ते रॉक गायिका जॅनिस जॉपलिननं १९७० त मरायच्या थोडे दिवस आधी रेकॉर्ड केलं, आणि मार्च १९७१ मधे ते अमेरिकेत नंबर एक झालं. तिनं गायलंय हे क्रिस्टोफरसनला ती गेल्यावरच कळलं.

म्हणजे कॅशचं काहीच नाही का? आहे की, भरपूर आहे, फक्त लॉनवर नाही. १९६९ त न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलला कॅशनं त्याला स्टेजवर आणून उभं केलं. आणि पुढच्या वर्षी कॅशच्या टीव्ही शोमधे, नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियमला, ते 'संडे मॉर्निंग' गायचं होतं. त्यात नशेत असतो तर बरं झालं असतं अशा अर्थाची एक ओळ आहे, चॅनलवाल्यांना ती बदलून हवी होती, सोज्वळ. क्रिस्टोफरसन तिथं प्रेक्षकांत होता. कॅश त्या ओळीपर्यंत आला आणि लिहिली होती तशीच्या तशी गायला. लेखकासाठी याच्यापेक्षा मोठी गोष्ट काय असते मला सांगा. त्या वर्षी त्या गाण्याला कंट्री म्युझिक असोसिएशनचं साँग ऑफ द इयर मिळालं.

तरीही स्टार नाही झाला अजून! १९७० त त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला आणि पडला. आवाज कसा तर बेडकासारखा, हे तोच म्हणायचा. जॉपलिनचं गाणं गाजल्यावर कंपनीनं तोच अल्बम १९७१ त नाव बदलून परत काढला, तेव्हा कुठं खपला. वय तोवर ३४-३५. मग सिनेमे, १९७६ च्या 'अ स्टार इज बॉर्न'साठी गोल्डन ग्लोब, १९८५ त कॅश, विली नेल्सन आणि वेलन जेनिंग्जबरोबर हायवेमेन हा ग्रुप, २००४ त कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम, २८ सप्टेंबर २०२४ ला हवाईमधे राहत्या घरी वारला, वय ८८. हे सगळं विकिपीडियावर आहे, मी रेंगाळत नाही.

आता शेवटची ओळ, "डिग्र्या फाडा". अरे कुणी फाडल्या? त्याची गाणी वाचा, एक शब्द इकडचा तिकडं होत नाही, ते ब्लेक आणि ऑक्सफर्ड कुठं गेलं नाही. आणि आर्मीनं शिकवलेलं उडवणं, त्यावरच तर त्या पाच वर्षांत चूल पेटली. सोडलं ते पद, शिकलेलं काही सोडलं नाही. आणि किंमत? आईनं पत्र लिहून नातं तोडलं. संसार मोडला, १९६९ पर्यंत घटस्फोट. दारूपायी ती समुद्रावरची नोकरीपण गेली, बाटली आणि हेलिकॉप्टर यांच्यात २४ तासांचं अंतर ठेवायला पाहिजे ते ठेवत नव्हता असं त्याचंच म्हणणं. हे फॉरवर्डमधे का नाही? कारण याच्याखाली अंगठे येत नाहीत.

तर भावा, तुझा राजीनामा तुझ्यापाशी, मी कोण सांगणारा, पण टाकायचा तर पाच वर्षांचा हिशेब मांड, दुसऱ्याच्या अंगणाचा नको. आणि काका, फॉरवर्ड डिलीट करा म्हणत नाही मी. एडिट करून परत टाका. बाकी काही नाही जमलं तर निदान तो बिअरचा कॅन तेवढा काढा, माणूस उतरतोय.