चोवीस ग्रॅम

फ्रीजवाल्यानं अजून चप्पल काढली नव्हती, पण दारातूनच निदान केलं. "गॅस संपलाय मालक. अडीच हजार."

फ्रीज म्हणजे मागच्या खोलीतला ९० लिटरचा बारका. त्यात दूध नसतं, भाजी नसते, बिअर असते. सांगलीच्या विश्रामबागेत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकलाय, ताटात भडंग तयार आहे आणि बाटल्या अंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट. आमच्या जिल्ह्यात बेदाणासुद्धा कोल्ड स्टोरेजमध्ये सुखानं झोपतो. असो.

लक्षण तर आंधळ्यालाही कळावं असं. प्लग लावला की कॉम्प्रेसर काही सेकंद 'हूंऽऽ' करायचा, मग 'टिक्' आणि गप्प. दोन-चार मिनिटांनी परत हूं, परत टिक्. आतला दिवा ठणठणीत. गॅस कमी असलेल्या फ्रीजचं रडगाणं वेगळं असतं. त्याचा कॉम्प्रेसर थांबतच नाही, बाजूचे पत्रे जेमतेम कोमट होतात आणि फ्रीजरच्या एका कोपऱ्यात तेवढा बर्फ धरतो, बाकी कोरडं. इथं कॉम्प्रेसर सुरूच होत नव्हता. मग गॅस संपल्याचं याला कुणी सांगितलं? आणि गॅस काय पेट्रोल आहे संपायला? बंद नळ्यांत तोच तो फिरत असतो. कुणी सुरीनं बर्फ खरवडून फ्रीजरला भोक पाडलं किंवा एखादा जोड गळला तरच जातो.

एवढ्यात त्यानं पिशवीतून डबा काढला. डब्यावर गॅसचं नाव आर-१३४ए. कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरवर आर-६००ए, २४ ग्रॅम, शेजारी ज्वाळेचा त्रिकोण. आर-६००एचा गॅस विरळ, म्हणून त्याच्या कॉम्प्रेसरचं सिलिंडर मोठं असतं. त्यात १३४ए ढकलला की मोटरवर नको तेवढा भार येतो आणि ती जळते. शिवाय गॅस भरायचाच तर आधी फिल्टर बदलायचा, निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढायचा आणि वजनकाट्यावर ग्रॅम मोजून भरायचा. याच्याकडे पंप नाही, काटा नाही, आणि भरवसा कशाचा, तर हाताच्या अंदाजाचा! "कंपनी काय पण लिहितीया," म्हणाला, आणि व्हिजिटचे तीनशे घेऊन गेला.

हे सगळं वरच्या मजल्यावरचे अण्णा आमच्याच खुर्चीत बसून बघत होते. बोलावलं कुणी नव्हतं. अण्णा निवृत्त तलाठी. दुसऱ्याच्या घरातली दुरुस्ती त्यांना पंचनाम्यासारखी वाटते.

"गॅस संपला म्हणं?"

"नाही अण्णा. रिले गेलाय, कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा."

"आन् संपला तरी काय बिघडतंय?" त्यांनी काठीनं बाटल्यांकडं दाखवलं. "ह्यात हाय की गॅस. झाकण काढलं की फस्स करतंय. त्योच भरायचा."

यावर हसून मोकळं होता आलं असतं, पण पंचाईत अशी की म्हातारा निम्मा बरोबर होता. बिअरमधला कार्बन डायऑक्साइड थंड करायला खरंच वापरतात, आर-७४४ म्हणतात त्याला. फक्त त्याला ९०-१०० बार दाब लागतो आणि आपल्या फ्रीजच्या नळ्यांचं सहा-सात बारवर भागतं. हे मी त्यांना सांगितलं.

"म्हंजे माझं बरूबर हाय."

"तसं हो, पण..."

"मग सध्या कुठला हाय आत?"

"आयसोब्युटेन. स्टिकरवरचा आर-६००ए म्हणजे तोच."

"ब्युटेन म्हंजे लायटरातला?"

"त्याचाच भाऊबंद. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही ब्युटेन असतो."

अण्णा उठले. खुर्ची उचलून दाराबाहेर नेली, जिन्यात मांडली आणि तिथनं पुढची चौकशी सुरू केली.

"किती हाय?"

"चोवीस ग्रॅम. सिलिंडरमध्ये चौदा किलो दोनशे असतो."

"मग वास कसा येत न्हाई?"

"सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम लावतात, गळती कळावी म्हणून. ह्याला लावत नाहीत."

"म्हंजे गळला तरी कळायचं न्हाई!"

एवढं बोलून अण्णा काठी न टेकता खाली गेले. एरवी त्यांना लिफ्ट लागते.

बरं, काम किती होतं? आधी मल्टिमीटरनं व्होल्टेज बघायचं, कारण १७०वर हीच हूं-टिक होते. २२५ निघालं. मग प्लग काढायचा, कॉम्प्रेसरच्या कुशीतलं प्लास्टिकचं झाकण क्लिप दाबून काढायचं, रिले सरळ ओढायचा आणि कानाशी हलवायचा. खुळखुळला. आतली पीटीसीची, म्हणजे तापली की वीज अडवणारी, चकती फुटून तिचे तुकडे झालेले. मग कॉम्प्रेसरच्या कॉमन, रन आणि स्टार्ट या तीन पिनांमधला रेझिस्टन्स मोजायचा. कॉमन-रन सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त आणि रन-स्टार्ट म्हणजे दोन्हींची बेरीज. बेरीज जुळली आणि एकही पिन बॉडीला लागत नसली तर मोटर धडधाकट. जुना रिले खिशात घालून दुकानात जायचं, डिट्टो तसाच आणायचा, भार वाढला की वीज तोडणारा, टिकटिक करून दमलेला ओव्हरलोडही जोडीनं बदलायचा. दोन्हींचे मिळून चारशेच्या आत.

हा रिले मरतो तो बहुतेकदा लाईटच्या लपंडावानं. लाईट जाऊन लगेच आली तर नळ्यांतला दाब सम झालेला नसतो, चकतीही गरम असते, आणि कॉम्प्रेसर अडकून धडका मारतो. पाच मिनिटं उशीर करणारा स्टॅबिलायझर लावला की भागतं. म्हणजे वीजबिल भरायचं आपण आणि विजेपासून फ्रीज वाचवायचा खर्चही आपणच करायचा.

फ्रीज सुरू झाला, बाजूचे पत्रे चांगले तापले (तापायलाच हवेत, कंडेन्सर तिथंच असतो), बाटल्या रात्रीत पाच अंशांवर आल्या. सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस. 'फ्लॅट नं. ६ मध्ये वास न येणारा गॅस गळत असल्याचे समजते. जिन्यात काडी ओढू नये.' वॉचमन संध्याकाळी बेल वाजवून रेग्युलेटर बंद केला का विचारतो. सेक्रेटरींना स्टिकरचा फोटो दाखवला, जळका रिले खुळखुळवून दाखवला. ते म्हणतात, गॅस एजन्सीचं पत्र आणा, लगेच काढतो. एजन्सीत गेलो, तर ग्राहक क्रमांक मागितला. फ्रीजला कुठला ग्राहक क्रमांक?

तेव्हा नोटीस आहे तिथंच आहे. आता तिच्याखाली बॉलपेननं, तलाठ्याच्या वळणदार अक्षरात, आणखी एक ओळ आली आहे: 'सदर फ्रीज बिअरचा आहे.'