चांगल्या गाण्याचा चोथा कसा करावा

वाईट गाणं आपोआप मरतं, त्यात तुमचं कर्तृत्व काय? कसब लागतं ते चांगल्या गाण्याचा चोथा करायला. ऊस रसाळ असल्याशिवाय चरकात घालण्यात मजा नाही.

'झिंगाट' घ्या. 29 एप्रिल 2016ला 'सैराट' आला आणि लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचले. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या संगीतासाठी थेट हॉलिवूड गाठून सिंफनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं होतं. म्हणजे माल अस्सल. आता तुम्ही कामाला लागा.

प्रसंग बघत बसू नका. वरात आणि हळद तर झालीच, पण बारसं, वास्तुशांत, सोसायटीची पूजा, काहीही चालेल. बारशाला बाळ दचकून रडायला लागलं तर 'बघा, आत्तापासून ताल कळतो' म्हणावं. गणपतीत आरती संपून कापूर जळत असतानाच लावा. पाहुणे उठून जातील, पण बाप्पाला विसर्जनापर्यंत बसणं भाग आहे.

खरी मेख पुढे आहे. गाणं पूर्ण वाजवायचं नाही. कडवी ऐकली की माणसाला ते पुन्हा आवडायला लागण्याचा धोका असतो. नेमका धृपदाचा तुकडा घ्यावा, मग भोंगा, मग डीजेने स्वतःचंच नाव तीनदा पुकारावं, आणि पुन्हा तोच तुकडा. मारुतीच्या देवळापासून कार्यालय दोनशे पावलांवर, वरातीला वेळ अडीच तास. एवढ्यात तो तुकडा किती वेळा बसतो, हे नवरदेवाच्या घोड्याला विचारा.

सुपारी मात्र डॉल्बीलाच द्या. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे स्पीकरच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात. हे नाव ज्यांचं, त्या रे डॉल्बी यांनी 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपची खरखर कमी करून. आपण त्यांचं नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं आणि गावातली तावदानं हलवली. असं स्मारक त्यांच्या अमेरिकेलाही सुचलं नसेल.

एखादा शहाणा ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम घेऊन येईल. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. त्याला प्रेमाने, म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडून, समजवा की 55 डेसिबल म्हणजे दोन माणसं साध्या गप्पा मारतात तेवढा आवाज. तेवढ्यावर नवऱ्याचे मामा नाचणार कसे? शिवाय सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची सोय सरकारनेच ठेवली आहे, वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. उरलेल्या 350 दिवसांचं तुमचं तुम्ही बघायचं.

वराती काही रोज निघत नाहीत. मधल्या काळात गाणं रिंगटोनला ठेवावं आणि फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून आंघोळीला जावं. उचलायचा मोह घरच्यांनाही होऊ देऊ नये. फोन आपला आहे.

एवढं करूनही काही लोक वैतागत नाहीत. त्यांच्यासाठी 2018 साली 'धडक'मध्ये तेच गाणं हिंदीत आलं. मराठीचा कंटाळा आलेल्यांना आता राष्ट्रभाषेतही कंटाळता येतं. (हिंदी राष्ट्रभाषा नाही, हे मला माहीत आहे. भांडण गाण्यावरच राहू द्या.)

आमच्या गल्लीत हे कार्य व्यवस्थित पार पडलंय. गेल्या मोसमात ऐन वरातीत डॉल्बीचा जनरेटर बंद पडला. अख्ख्या गल्लीने श्वास सोडला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी तोवर पोलिसांना तीनदा फोन केला होता. मी त्यांचं अभिनंदन करावं म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर काका बाल्कनीच्या कठड्यावर ठेका धरून, ऐन रंगात तुटलेलं धृपद पुरं करत होते.

सुरात होते, हे सांगायला हवं.