कॅसिनोत नाही ओढायची तर काय देवळात ओढायची?

आज सकाळी आमच्या दहावीच्या ग्रुपवर मी एक ओळ टाकली. "डिसेंबरात परत गोवा ठरत असेल तर मी आहे, पण आत सिगरेट बंद असलेल्या कॅसिनोतच जाऊया." एवढंच. तासाभरात सत्तेचाळीस मेसेज. त्यात बाळ्याचा सगळ्यांना आवडला: "कॅसिनोत नाही ओढायची तर काय देवळात ओढायची?" खाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग. एकानं मला भजनी मंडळात नाव घालायला सांगितलं. दुसऱ्यानं टाळ पाठवतो म्हणाला.

ग्रुपवर तोंड घालून उपयोग नाही, तिथं जो मोठ्यानं हसवतो तो जिंकतो. म्हणून इथं लिहितोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

जूनच्या शेवटी आम्ही अकराजण गेलो होतो. आजऱ्यावरून आंबोली, तिथं धुक्यात भजी, मग सावंतवाडी, संध्याकाळी पणजी. मांडवीत त्या बोटी उभ्या असतात त्यातली एक. नाव सांगत नाही, कारण मला त्या बोटीशी भांडायचं नाही. छोट्या होडीतून नेतात, तिकिटातच खाणं-पिणं असतं, आणि आत गेलं की दिवस का रात्र ते कळत नाही. आपल्या राज्यात कॅसिनो नाही. १९७६ साली कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही करून टाकला. त्यामुळं कोल्हापूरकराचा जुगाराचा नाद आंबोली उतरूनच पुरा होतो.

आम्ही अंदर-बाहरच्या टेबलावर बसलो. पत्ते वाटायला एक पोरगी. बावीस-तेवीसची असेल. काळं जाकीट, केस घट्ट बांधलेले. बाळ्या माझ्या उजव्या हाताला, आणि त्याची सिगरेट त्याच्या उजव्या हाताला. टेबल असं कितीसं रुंद असतं? तो हरला की जोरात सोडायचा, जिंकला की त्याहून जोरात. सगळा धूर सरळ तिच्या तोंडावर. तिचे डोळे लालभडक झाले होते, पाणी यायचं, आणि ती पापण्या मिटून परत उघडायची. बास. हात वर केला नाही. धूर असा बाजूला सारायला आपण सहज हात हलवतो ना, तेवढंही केलं नाही.

मी म्हटलं, "पाणी घे की जरा."

"नको सर. चालतंय."

त्या 'चालतंय'वरनं माझे कान टवकारले. "कुठलं गाव गं बाळ?"

तिनं मागं उभ्या असलेल्या साहेबाकडं बघितलं, आणि पत्ते वाटता वाटताच हळू बोलली, "कागलकडची. तुमच्या बोलण्यावरनं मगाशीच वळखलो मी. पाऊस लागला काय तिकडं?"

वळखलो मी. आमच्याकडच्या पोरी 'आलो, गेलो' म्हणतात याचं पुण्याच्या लोकांना हसू येतं. मला त्या बोटीवर एकदम घसा दाटून आला. तेवढ्यात बाळ्यानं परत सोडला.

हात का हलवत नाही, ते मला नंतर समजलं. डीलरचे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याचे, हात कायम टेबलावर, वरच्या कॅमेऱ्याला दिसतील असे पाहिजेत. नाक खाजवायचं झालं तरी आधी दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवायचे, की बाबा बघा, चिप, म्हणजे पैशाऐवजी खेळतात ती चकती, लपवली नाही. दर पाच मिनिटाला तळवे दाखवून डोळे पुसत बसली तर डाव कोण खेळणार? म्हणून ती पुसत नव्हती. तिच्या जागी दुसरी आली तेव्हा हिनं टेबलावर तळवे उलटे केले, सुलटे केले, दोन पावलं मागं सरली आणि मग मनगटानं डोळे चोळले. लहान पोरं झोपेतनं उठल्यावर चोळतात तसे.

आता मला सांगा, देवळाचा यात संबंध काय?

मी सोवळा नाही. अठरा वर्षं ओढली आहे, २०१६ ला सोडली. तलफ काय असते ते मला कुणी शिकवू नये. आणि जुगार खेळायला गेलेल्यानं दुसऱ्याला व्यसनावर ऐकवायचं म्हणजे जरा जास्तच होतंय, हेही मान्य. पण बाळ्याला कंटाळा आला तर तो उठू शकतो. मला धूर लागला तर मी बुफेकडं जाऊ शकतो. त्या अख्ख्या टेबलावर उठायची सोय नसलेलं माणूस एकच होतं, आणि सगळा धूर तिच्याच वाट्याला.

"मग सोडावी नोकरी," हाही मेसेज आला. अरे बाबा, कागलच्या पोरीला गोव्यात बोटीवर रात्रपाळी करायची हौस असते काय? तुझ्या पोरीला अंगणवाडीपासून शिकवतोस ना, तेव्हा हे जरा आठव.

(ही ओळ रागात लिहिली. राहू दे.)

गंमत अशी की बंदी आहेच. तंबाखूवरचा कायदा २००३ चा. २ ऑक्टोबर २००८ पासून चार भिंतीतल्या सार्वजनिक जागेत ओढायची नाही, ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड. तीस खोल्यांचं हॉटेल किंवा तीस माणसं बसतील असं रेस्टॉरंट असेल तर वेगळी बंद खोली करता येते. आणि २०१७ पासून त्या खोलीत कसलीही सेवा द्यायची नाही. चहासुद्धा नाही. आत जा, ओढ, बाहेर ये. त्या बोटीवर 'स्मोकिंग झोन' अशी पाटी होती, पाटीखाली टेबल होतं आणि टेबलामागं पोरगी होती. पत्ते वाटणं ही सेवा नाही तर काय सत्यनारायण आहे?

वर म्हणतात एसी आहे, हवा खेचायची मशीन आहे. तो एसी धूर थंड करून परत त्याच पोरीला देतो, दुसरं काय करतो?

आणखी एक. गोव्याच्या माणसाला त्या बोटीवर खेळायला बंदी आहे, २०२० पासून. आपली माणसं जुगारात बुडू नयेत असं तिथल्या सरकारला वाटलं. चांगलं वाटलं. कामाला मात्र कुणीही चालतं. गोव्याच्या माणसाच्या खिशाची काळजी घेणारा नियम होतो, पण टेबलामागच्या पोरीच्या फुप्फुसाची पाळी आली की सगळ्यांना धंदा आठवतो.

धंद्याचं मी समजू शकतो. शाहूपुरीत माझं दुकान आहे, गिऱ्हाईक दुखवायचं नसतं हे मला कळतं. ओढणारे चार जण कमी येतील, येऊ देत. चीनमधल्या मकावला जगातला सगळ्यात मोठा जुगार चालतो. तिथं आधी टेबलांजवळची सिगरेट हळूहळू बंद केली, मग मोठ्या पैसेवाल्यांच्या खोल्यांतली पण, आणि ओढणाऱ्यांना वेगळ्या खोल्या करून दिल्या. लोक खेळायचे थांबले नाहीत. इंग्लंडात २००७ पासून बंद. अमेरिकेत मात्र लास वेगासला अजून सूट आहे. अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात, अटलांटिक सिटीत, कॅसिनोचे कामगार वर्षानुवर्षं भांडताहेत, कारण तिथल्या कायद्यानं २००६ साली सगळीकडं बंद केली आणि कॅसिनो तेवढे वगळले. २०२४ मध्ये त्यांच्यातले काही जण विधिमंडळाच्या समितीच्या बैठकीत गेले आणि तिथंच सिगरेटी पेटवून आमदारांच्या दिशेनं धूर सोडला. हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो. हे तर आपलेच लोक! टोल उखडून काढणाऱ्या गावाला हे आवडायला पाहिजे.

बाळ्या म्हणेल, निपाणी इथनं तासाभरावर आहे, तंबाखूवर किती घरं चालतात. खरं आहे. माझ्या मामाचंही चालत होतं. पण मामा शेतात राबत होता, कुणाच्या तोंडावर सोडत नव्हता.

आणि सिगरेट बंद करता येत नाही असं नाही. एसटीत मागच्या बाकावर बिडी ओढणारे आपण सगळ्यांनी बघितलेत. मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले, २००१ मध्ये कोर्टानं दवाखाने, शाळा, कचेऱ्या, गाड्या इथली बंद केली. तेव्हाही लोक बोंबललेच असतील. आज एसटीत कुणी पेटवली तर कंडक्टरच्या आधी म्हाताऱ्या बायका त्याला खाली उतरवतील.

राग खरं तर बाळ्यावर नाही. २०१९ च्या पुरात माझ्या दुकानातला माल छातीभर पाण्यातनं डोक्यावर काढला तो यानंच. त्या टेबलावर त्यानं मुद्दाम काही केलं नाही, त्याचं लक्षच नव्हतं. माझं होतं. मी तिचं गाव विचारलं, पाऊस सांगितला, तिचे डोळे बघितले, आणि "विझव की जरा" एवढे तीन शब्द मला बाळ्याला म्हणता आले नाहीत. का? तर मी बावीसशेनं वर होतो. डाव मोडेल असं वाटलं. शेवटी ते बावीसशे पण तिथंच घालवून आलो, ते सोडा.

घरी आल्यावर बायकोनं पिशवी उघडली आणि पहिलं विचारलं, "परत सुरू केलीस काय?" माझ्या शर्टाला एका रात्रीत एवढा वास. दोनदा धुतला तरी जाईना. ती पोरगी रोज रात्री तिथं असते.

आता लिहिता लिहिता बाळ्याचा फोन येऊन गेला. दोनदा. उचलला नाही. हे टाकतो आणि मग करतो.