हातची सत्ता कशी घालवावी

राजा पायउतार झालाय, लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलंय आणि ही सत्ता आता घालवायची कशी, असा पेच पडलाय? चिंता नको. रशियाची तेव्हाची राजधानी पेत्रोग्राडमधल्या हंगामी सरकारने १९१७ साली आठ महिन्यांत घालून दिलेला कित्ता गिरवा. बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांनी, सत्ता कशी हिसकावली, हे सगळे विचारतात. ती त्यांच्या हाती आणून देणाऱ्यांचं नाव कोणी घेत नाही.

आधी लोकांचं मागणं नीट ऐका आणि तेवढं सोडून सगळं द्या. झारशाही हलवली ती भाकरीच्या रांगेतल्या बायकांनी. सैनिकाला घरी जायचं होतं, शेतकऱ्याला जमीनदाराची जमीन हवी होती. तुम्ही त्यांना भाषणस्वातंत्र्य द्या. जमिनीचं काय? संविधान सभा ठरवेल. ती कधी? निवडणुकीनंतर. निवडणूक? १७ सप्टेंबरला. की १२ नोव्हेंबर ठेवूया? घोंगडं भिजत पडू द्या. तोवर खेडुतांनी जमिनी परस्पर वाटून घेतल्या, तर कायद्यावर बोट ठेवा.

युद्ध मात्र थांबवायचं नाही. मित्रराष्ट्रांना शब्द दिलाय ना! जूनमध्ये नवी चढाई काढा. ती फसली आणि फौज घराकडे पळू लागली, की मार्चमध्ये स्वतःच रद्द केलेला मृत्युदंड जुलैमध्ये आघाडीवर पुन्हा आणा.

त्याच जुलैमध्ये बोल्शेविक आडवे पडले होते: लेनिन भूमिगत, ट्रॉट्स्की तुरुंगात. अशा वेळी हात आखडता घ्यायचा नसतो. ऑगस्टमध्ये तुमचाच सरसेनापती कोर्निलोव्ह राजधानीवर फौज धाडतो, तेव्हा कामगारांना बंदुका वाटा. त्याच्या आगगाड्या रेल्वे कामगारच रूळ उखडून अडवतील, बंदुकांचं काम पडणार नाही. परत तेवढ्या मागू नका. ट्रॉट्स्कीलाही सोडून द्या. सप्टेंबर सरता सरता तो पेत्रोग्राड सोव्हिएतचा, म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधी सभेचा, अध्यक्ष होतो. (पंतप्रधान केरेन्स्कीचे वडील सिंबिर्स्कला हेडमास्तर होते आणि लेनिन त्यांचा विद्यार्थी. थोरला भाऊ झारच्या हत्येच्या कटात फासावर गेला असतानाही त्यांनी लेनिनला वर्तणुकीचा उत्तम दाखला दिला. सढळ हात घराण्यातलाच.)

उठावाचा बेत कळेल कसा, ही काळजीही नको. खुद्द बोल्शेविकांचेच कामेनेव्ह आणि झिनोव्हिएव्ह आठवडाभर आधी वर्तमानपत्रातून त्याला विरोध करतील. वाचा आणि घडी घालून ठेवा. २५ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी मोटारीतून फौज आणायला जावं. मंत्र्यांनी हिवाळी राजवाड्यात थांबावं. राखणीला लष्करी शाळेतली पोरं आणि महिला बटालियनची एक तुकडी आहेच. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास अटक होईल.

उरलेलं काम मेन्शेविकांसारख्या मवाळ समाजवादी मित्रांवर सोपवा. सोव्हिएतांच्या अधिवेशनात बोल्शेविकांना घेरायची संधी असताना ते निषेध म्हणून सभात्याग करतील आणि सभागृह मोकळं करून देतील.

आणि ती संविधान सभा? निवडणूक झाली हो! बोल्शेविकांना जेमतेम पाव मतं पडली. सभा ५ जानेवारी १९१८ ला भरली आणि पहाटेपर्यंत चालली. मग एका खलाशाने अध्यक्षांना सांगितलं, पहारेकरी दमलेत, आता घरी जा. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप.