आधी जुना 'स्टार ट्रेक' पुन्हा बघा, मग नव्यावर बोला

गेले काही दिवस नाशिकच्या सायन्स फिक्शनवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. इंदिरानगरहून नाशिकरोडला, तिथून ओझरच्या निवृत्त मंडळींत, आणि प्रत्येक मुक्कामावर त्याला चार अंगठे आणि एक 'शंभर टक्के सहमत' चिकटतंय. मेसेजचा सारांश असा: २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी' या नव्या मालिकेपासून 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची जुनी अमेरिकन मालिका टीव्हीवर परत आणली आणि तिचं वाटोळं केलं. कर्क आणि पिकार्ड या जुन्या कप्तानांच्या सुवर्णकाळात राजकारण नव्हतं, आता तेवढंच उरलंय. तेव्हा विज्ञान होतं, आता रडारड. जुना इतिहास पायदळी तुडवला. खान हा आपला हिंदुस्थानी खलनायक गोरा करून टाकला. आणि ज्या चाहत्यांनी पत्रं लिहून मालिका जगवली त्यांनाच वाऱ्यावर सोडलं, म्हणून ती बुडाली.

नव्यातलं सगळं मलाही पटत नाही. पण मेसेजमध्ये जिचे गोडवे गायलेत ती जुनी मालिका मला शोधूनही सापडेना.

राजकारणापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्याच्याच आडून आलंय. १९६६ साली एनबीसी या अमेरिकन चॅनलवर ही मालिका सुरू झाली तेव्हा एंटरप्राइझ या अंतराळजहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, कोण होतं? उहुरा, एक कृष्णवर्णीय महिला अधिकारी. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचं रक्षण करणारा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सुलूच्या भूमिकेत जॉर्ज टाकेई, ज्याला लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचा म्हणून अमेरिकन सरकारनेच कुटुंबासकट छावणीत डांबलं होतं. पुढच्या वर्षी शीतयुद्धाच्या ऐन भरात चेकॉव्ह नावाचा रशियन त्यांच्या शेजारी येऊन बसला. हे योगायोगाने झालं असं ज्याला वाटतं त्याने २ फेब्रुवारी १९६८ चा 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' हा भाग बघावा. क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतले परग्रहवासी शत्रू, एका मागास ग्रहावरच्या एका गटाला बंदुका पुरवतात, मग कर्क दुसऱ्या गटाला तशाच बंदुका देतो, आणि शेवटी कुणाच्याच चेहऱ्यावर समाधान नसतं. हा भाग दाखवला गेला त्याच आठवड्यात व्हिएतनाममध्ये अमेरिकेविरुद्धचा टेटचा मोठा हल्ला सुरू झाला होता. आणि जानेवारी १९६९ चा तो प्रसिद्ध भाग, ज्यात अर्धा चेहरा काळा आणि अर्धा पांढरा असलेले दोघेजण एकमेकांच्या जिवावर उठलेत, कारण एकाची उजवी बाजू काळी तर दुसऱ्याची डावी! रूपक इतकं ढोबळ की आज कुणी लिहिलं तर मेसेजकर्तेच पहिल्या दहा मिनिटांत 'उपदेश नको' म्हणून टीव्ही बंद करतील.

मग आपल्याकडच्या पिढीला हे आठवत का नाही? माझा अंदाज सांगतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर, रविवारी सकाळी पाहिली. संवाद निम्मे कळायचे. व्हिएतनामचं युद्ध संपलेलं होतं, अमेरिकेतले वर्णभेदाचे दंगे आपल्या घराजवळ झालेले नव्हते. लक्षात राहिले ते अर्धा परग्रहवासी असलेल्या स्पॉकचे टोकदार कान आणि फेझरची बंदूक. दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून ऐकू आलं की नुसता आवाज वाटतो, तसं ते झालं. आता जे विषय येतात त्यावर आपल्याच घरात जेवताना वाद होतात, म्हणून बोचतात.

आणखी एक गोष्ट, जी मेसेजवाल्यांना बहुधा आवडणार नाही. मालिकेच्या अगदी पहिल्या, एनबीसीने नाकारलेल्या पायलट, म्हणजे चाचणी, भागात जहाजाची उपकप्तान एक स्त्री होती. चॅनलला ती नको होती आणि पुढे ती काढली गेली. त्या पायलटमधला कॅप्टन पाइक, ती 'नंबर वन' आणि स्पॉक यांनाच घेऊन २०२२ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' सुरू झाली. म्हणजे नव्यांनी 'घुसवलेली' बाई १९६५ च्या आधीपासून दाराशी उभी होती.

विज्ञानाचा मुद्दा. ओझरच्या कारखान्यात उभी हयात विमानांच्या सुट्या भागांत घालवलेले एक काका मला म्हणाले, "पूर्वी निदान पटेल असं तरी असायचं." काकांचा आग्रह मला समजतो. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद जयंत नारळीकरांना मिळालं, तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत ही हळहळ इथे अजून आहे. त्यांच्या कथांवर वाढलेला वाचक विज्ञानकथेत विज्ञान मागणारच. पण ती फूटपट्टी जुन्या ट्रेकला लावा ना! माणसांना क्षणात जहाजावरून ग्रहावर पोचवणारा ट्रान्सपोर्टर कुठून आला? दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवण्याचा खर्च झेपेना म्हणून. भौतिकशास्त्रापेक्षा त्यात हिशेबनीसाचा हात मोठा. आणि १९६८ चा 'स्पॉक्स ब्रेन'? स्पॉकचा मेंदू चोरीला जातो, एका भूमिगत वसाहतीची यंत्रणा चालवायला जुंपला जातो, आणि शेवटी डॉक्टर मॅकॉय तो परत बसवत असताना स्पॉक स्वतःच शस्त्रक्रियेच्या सूचना देतो. 'डिस्कव्हरी'तलं बुरशीच्या जाळ्यातून विश्वभर उड्या मारणारं जहाज मलाही हास्यास्पद वाटतं. पण मेंदूचोरी चालवून घेतली असेल तर बुरशीवर एवढं तापू नये. 'डिस्कव्हरी'ची नायिका बर्नहॅम फार रडते, हे मात्र मान्य.

इतिहास तुडवल्याचं म्हणाल तर या मालिकेला स्वतःचा इतिहास कधीच नीट सांभाळता आला नाही. सुरुवातीच्या एका भागात कर्कच्या थडग्यावर मधलं अक्षर 'आर' आहे, पुढे तो कायमचा 'जेम्स टी' झाला. साठच्या दशकातले क्लिंगॉन सपाट कपाळाचे, १९७९ च्या चित्रपटात त्यांच्या कपाळावर अचानक उंचवटे आले आणि त्याचं गंभीर स्पष्टीकरण मिळायला २००५ उजाडलं. १९६७ मध्ये मालिकेने सांगून ठेवलं होतं की १९९२ ते १९९६ या काळात खान पाव जगावर राज्य करेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे खान नाही, केबल आली.

आता खान. इथे मेसेजचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. मूळ कथेत तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं स्पष्ट म्हटलंय, आणि २०१३ च्या चित्रपटात ती भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅचला दिली. हे वाईटच झालं. चित्रपट 'डिस्कव्हरी'च्या चार वर्षं आधीचा असला तरी त्याच्या तीन लेखकांपैकी अ‍ॅलेक्स कर्ट्झमन पुढे 'डिस्कव्हरी'च्या निर्मात्यांत होता, त्यामुळे हात झटकता येत नाहीत. फक्त 'जुन्यांनी आपला मान राखला' एवढं म्हणू नका. १९६७ आणि १९८२ मध्ये खान झालेला रिकार्डो मॉन्टलबान मेक्सिकन होता. भारतीय चेहरा मिळाला तो १९७९ च्या चित्रपटात, मुंबईच्या पर्सिस खंबाटाचा, आणि भूमिका परग्रहवासीयाची.

पत्रांची गोष्ट खरी आहे. १९६८ मध्ये चाहत्यांच्या पत्रांचा एवढा पाऊस पडला की मालिका चालू राहणार असं एनबीसीने टीव्हीवरून जाहीर केलं. मिळाला तो एक सीझन, शुक्रवारी रात्री दहाची वेळ, आणि १९६९ मध्ये ७९ भागांवर पडदा. पुढे १९८७ मध्ये पिकार्डची 'नेक्स्ट जनरेशन' ही मालिका आली तेव्हा 'कर्क नाही, स्पॉक नाही, मग हा कसला ट्रेक' म्हणणारे जुने चाहतेच होते. पहिला सीझन खरोखर कच्चा होता. तरी ती सात सीझन आणि १७८ भाग चालली. त्यांचं ऐकून ती तेव्हाच बंद केली असती तर मेसेजमधल्या सुवर्णकाळात पिकार्ड आलाच नसता.

आणि 'बुडाली' म्हणजे काय? 'डिस्कव्हरी' पाच सीझन चालली, मूळ मालिकेपेक्षा दोन जास्त. पण भाग ६५च. माझी खरी तक्रार इथे आहे. सव्वीस भागांच्या सीझनमध्ये चार भाग फुकट गेले तरी एखादा दुय्यम अधिकारी आपल्या ओळखीचा व्हायला वेळ मिळायचा. दहा भागांत कप्तानाचं दुःख मांडेपर्यंत सीझन संपतो, मागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांची नावंही आठवत नाहीत. दुसरं, नोव्हेंबर २०२१ मध्ये 'डिस्कव्हरी'चा चौथा सीझन सुरू व्हायला दोन दिवस उरले असताना ती अमेरिकेबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून काढून घेतली गेली. अमेरिकेत सीझन ठरल्या दिवशी सुरू झाला, आपण हात चोळत बसलो. वाऱ्यावर सोडणं म्हणतात ते हे, आणि त्यात जुना चाहता, नवा चाहता असा भेद नव्हता. मेसेजमध्ये यावर एक ओळ नाही.

पुढे पाठवायचाच असेल तर खानचा मुद्दा ठेवा, नेटफ्लिक्सचा घाला, बाकीचे गाळा.