फायब्रोमायल्जियाच्या गोळ्या ‘आजच बंद करा’ म्हणणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील मराठी व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: फायब्रोमायल्जिया, म्हणजे महिनोन् महिने अंगभर टिकणारे दुखणे आणि थकवा, हा आजारच नव्हे, कारण सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, त्यावर दिल्या जाणाऱ्या गोळ्या मुळात फिटच्या आणि वेडाच्या आहेत, त्यांचा गुण कोणालाच येत नाही, उलट चक्कर, वजनवाढ आणि व्यसन मागे लागते, त्यांच्यापेक्षा साधी पेनकिलर किंवा वाताची पुडी बरी, म्हणून या गोळ्या आजच बंद करा. मी बेळगावात औषधांचे दुकान चालवणारी फार्मासिस्ट आहे. हा संदेश मोबाइलवर दाखवून ‘आता काय करू?’ असे विचारणाऱ्या बायका दुकानात येऊ लागल्या, म्हणून सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. संदेशातील काही विधानांत तथ्य आहे आणि त्यामुळेच तो पटतो. परंतु त्याचे शेवटचे वाक्य अपाय करणारे आहे, म्हणून क्रम उलटा करून उत्तराची सुरुवात तेथूनच करते.

‘या गोळ्या आजच बंद करा.’ फायब्रोमायल्जियासाठी आपल्याकडे प्रामुख्याने प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन आणि ॲमिट्रिप्टिलिन ही औषधे लिहून दिली जातात, आणि यांपैकी कोणतेही औषध नियमित घेत असताना एका दिवसात तोडायचे नसते. प्रीगाबालिन अचानक थांबवल्यास झोप उडते, घाम सुटतो, मळमळते, जुलाब होतात, जीव घाबरा होतो, आणि ज्यांना आधीपासून फिट येतात त्यांना पुन्हा फिट येऊ शकते. म्हणूनच ते किमान एका आठवड्यात, आणि बराच काळ घेतले असेल तर त्याहूनही सावकाश, टप्प्याटप्प्याने कमी करतात. ड्युलोक्सेटिन एकदम सोडल्यावर चक्कर, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी विचित्र संवेदना अनेकांना जाणवते. याशिवाय, हीच औषधे इतर आजारांसाठीही देतात. सासूबाईंना मधुमेहामुळे पायांची आग होते म्हणून प्रीगाबालिन, सुनेला फायब्रोमायल्जियासाठी प्रीगाबालिन, आणि शेजारच्या मुलाला अपस्मारासाठी तेच, असे सहज असू शकते. गोळीचे नाव वाचून ती बंद करायला सांगणाऱ्याला ती कोणाला कशासाठी दिली आहे हे ठाऊक नसते.

‘हा आजारच नव्हे, रिपोर्ट नॉर्मल येतात.’ रिपोर्ट नॉर्मल येतात हे खरे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. या आजारात सांध्यांना सूज नसते, स्नायूंची झीज नसते, म्हणून रक्ताच्या चाचण्यांत आणि एक्स-रेत तो दिसत नाही. थायरॉइड, रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची कमतरता, आमवात किंवा चिकुनगुनियानंतर रेंगाळणारी सांधेदुखी अशी दुसरी कारणे बाजूला काढण्यासाठी त्या चाचण्या करतात. १९९० च्या निकषांत शरीरावरील १८ ठरावीक जागा दाबून पाहत आणि त्यांपैकी ११ दुखल्या तर निदान करत. २०१० आणि २०१६ च्या निकषांत तो दाबून पाहण्याचा भाग गेला आणि अंगभर पसरलेले, किमान ३ महिने टिकलेले दुखणे, न शमणारा थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे, लक्ष आणि स्मरण यांत होणारी गडबड यांना महत्त्व आले. मेंदूच्या प्रतिमा घेऊन २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की अंगठ्यावर सारखाच दाब दिला असता या रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक प्रमाणात सक्रिय होतात.

आपल्या भागात हे निदान आणखी लांबते, कारण दुखण्याला कष्टाचे कारण नेहमीच हाताशी असते. निपाणीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी, शहापूर-वडगावात मागावर बसणारी, खानापूर तालुक्यात गुडघाभर चिखलात भाताची लावण करणारी बाई अंग ठणकते म्हणाली, तर ‘कामाने दुखते’ असे म्हणून विषय संपतो आणि तीही ते अंगावर काढते. कष्टाचे दुखणे विश्रांतीने उतरते. जे महिनोन् महिने उतरत नाही आणि सकाळी उठताना रात्रीपेक्षा जास्त जाणवते, त्याची नीट तपासणी व्हायला हवी.

‘या फिटच्या आणि वेडाच्या गोळ्या आहेत.’ एकच औषध वेगवेगळ्या मात्रेत वेगवेगळी कामे करते. नैराश्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन साधारणपणे ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, तर फायब्रोमायल्जियात रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅमने सुरुवात करून बहुधा तेवढ्यावरच थांबतात. वेदनेचे संदेश मेंदूकडून मज्जारज्जूत खाली दाबून धरण्याचे काम ज्या रसायनांच्या आधारे चालते, त्यांतील सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन यांवर ड्युलोक्सेटिन काम करते. प्रीगाबालिन चेतातंतूंच्या टोकांशी कॅल्शियमचा शिरकाव कमी करून वेदनेचे संकेत मंदावते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये प्रीगाबालिनला, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिनला आणि २००९ मध्ये मिलनासिप्रानला फायब्रोमायल्जियासाठीच मान्यता दिली. ‘वेडाची गोळी’ या शिक्क्यामुळे पाकीट घरच्यांपासून लपवणाऱ्या, आणि लपवताना मधले डोस चुकवणाऱ्या मुली मला माहीत आहेत. त्यांच्या त्रासात या शिक्क्याचा वाटा मोठा आहे आणि हा संदेश तो शिक्का अधिक घट्ट करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘गुण कोणालाच येत नाही.’ या विधानापाशी थोडे थांबावे लागेल, कारण येथे संदेश जेवढा चुकतो तेवढीच ‘गोळी घेतली की बरे वाटेल’ हे आश्वासनही चुकते. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात प्रीगाबालिनच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले असे रुग्ण, औषध नसलेली पण दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपेक्षा, शंभरात सुमारे ९ ते १० ने अधिक आढळले. ड्युलोक्सेटिन रोज ६० मिलिग्रॅम दिल्यास साधारण आठ जणांमागे एकाला असा मोठा आराम केवळ औषधामुळे मिळतो. ॲमिट्रिप्टिलिनचा आकडा कागदावर याहून चांगला, म्हणजे चारांमागे एक असा दिसतो; मात्र तो लहान आणि जुन्या चाचण्यांवर उभा असल्याने त्यावर तितका भरवसा ठेवता येत नाही.

या आकड्यांचा अर्थ असा, की प्रत्येकाला थोडाथोडा गुण येतो असे नाही. काही मोजक्यांना चांगला येतो आणि बहुसंख्यांना फारसा येत नाही. तो कोणाला येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून औषध हा एक ठरावीक मुदतीचा प्रयोग समजून सुरू करावा, आणि पुरेशा मात्रेत चार ते सहा आठवडे घेतल्यावर तो चालू ठेवायचा की आवरायचा हे ठरवावे. गुण आला नसताना वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या नेत राहणे ही आपल्याकडची खरी चूक आहे, आणि संदेशाने तिच्याकडे बोट दाखवले असते तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

तज्ज्ञांतही यावर एकमत नाही, हे लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेने मान्य केलेली ही तिन्ही औषधे फायब्रोमायल्जियासाठी मंजूर करण्यास युरोपच्या औषध संस्थेने नकार दिला. लाभ लहान आहे आणि दीर्घकाळ टिकतो याचा पुरावा अपुरा आहे, अशी तिची भूमिका होती. संधिवाततज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २०१६ मध्ये कमी मात्रेतील ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, मिलनासिप्रान आणि प्रीगाबालिन यांची शिफारस केली, पण ती सौम्य शब्दांत. ठाम शिफारस तिने एकाच गोष्टीची केली, ती म्हणजे व्यायामाची. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी, फायब्रोमायल्जिया ज्यात मोडतो त्या प्रकारच्या जुनाट वेदनेसाठी प्रीगाबालिन नव्याने सुरू करू नये असे सांगितले, तर नैराश्यविरोधी औषधांचा विचार करता येईल असे म्हटले. तोच पुरावा पाहून जाणती माणसे लाभ आणि जोखीम वेगवेगळी तोलतात, याचे हे उदाहरण आहे. त्यांपैकी कोणीही ‘गुण कोणालाच येत नाही’ असे म्हटलेले नाही.

गुण मोजायचा कसा, हा प्रश्न दुकानात फार कमी जण विचारतात. शून्य ते दहा या मापात दुखणे किती, हे सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर आठवड्याला वहीत लिहावे. त्यासोबत रात्री किती वेळा जाग आली, भाकरीचे पीठ मळता येते का, पाण्याची घागर उचलता येते का, हेही लिहावे. अभ्यासात ३० टक्के घट ही उपयुक्त आणि ५० टक्के घट ही मोठी समजतात. दुखण्याचा आकडा सातावरून पाचावर आला आणि झोप सलग लागू लागली, तर एखाद्या बाईसाठी ते औषध चालू ठेवण्यासारखे ठरू शकते.

‘चक्कर, वजनवाढ आणि व्यसन मागे लागते.’ दुष्परिणाम खरे आहेत आणि ते आधी सांगितले जात नाहीत ही तक्रारही खरी आहे. प्रीगाबालिनच्या फायब्रोमायल्जियावरील चाचण्यांत शंभरातील सुमारे ३८ जणांना चक्कर आली, तर औषध नसलेल्या गोळीवर ९ जणांना. गुंगी २० विरुद्ध ४, वजनवाढ ११ विरुद्ध २. पायांवर सूजही येते. मात्रा वाढली की चक्कर वाढते, म्हणून रात्रीच्या लहान मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवणे शहाणपणाचे असते. पावसाळ्यात खानापूरच्या रस्त्याने दुचाकी चालवणाऱ्याला किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्याला ही चक्कर अपघाताचे कारण होऊ शकते. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला तीच सुसह्य वाटेल, पण तिचे वजन आणि साखर आधीच वाढलेली असेल तर तिच्यासाठी वजनवाढ जास्त महत्त्वाची ठरेल. दुष्परिणामाचे वजन असे माणसागणिक बदलते, आणि म्हणून सर्वांसाठी एकच निकाल देणारा कोणताही संदेश चुकणारच.

काही बाबतींत मात्र तडजोड नको. प्रीगाबालिन मूत्रपिंडावाटे जवळपास जसेच्या तसे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्रा कमी करावीच लागते; दारू किंवा अफूवर्गीय वेदनाशामके यांच्यासोबत ते श्वास मंदावू शकते. ड्युलोक्सेटिनने मळमळ होते, तोंड कोरडे पडते, रक्तदाब वाढू शकतो, आणि यकृताचा आजार किंवा भरपूर दारू पिण्याची सवय असलेल्याला ते देत नाहीत. त्याच्यासोबत ट्रामाडॉल हे वेदनाशामक घेतल्यास गंभीर प्रतिक्रिया संभवते, त्यामुळे दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र दाखवाव्यात. पंचविशीच्या आतील व्यक्तीने ड्युलोक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तिच्या मनःस्थितीकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार असल्यास ॲमिट्रिप्टिलिनपूर्वी तसे सांगणे अत्यावश्यक आहे. मूल हवे असेल तर यांतील प्रत्येक औषधाबद्दल आधीच बोलावे.

व्यसनाबद्दल एवढेच, की प्रीगाबालिनचा गैरवापर होतो म्हणून ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून त्यावर निर्बंध आणले आणि ज्यांना पूर्वी नशेची सवय होती त्यांनी जपायलाच हवे. सांगितलेल्या मात्रेत घेणाऱ्या बहुतेकांच्या शरीराला औषधाची सवय होते, त्याची नशा लागत नाही. ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन यांची नशा लागत नाही.

एक गोष्ट संदेशात नाही, पण दुकानदार म्हणून मला ती खटकते. आपल्याकडे प्रीगाबालिन बहुधा मिथाइलकोबालामिन आणि अनेकदा नॉरट्रिप्टिलिन यांच्यासह एकाच गोळीत विकले जाते. अशा गोळीत एका घटकाची मात्रा बदलता येत नाही, आणि तोंड कोरडे पडले तर ते कशामुळे हे कळत नाही. शक्य असेल तेथे सुटे औषध लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करावी.

‘साधी पेनकिलर किंवा वाताची पुडी बरी.’ डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या सूज कमी करून काम करतात आणि फायब्रोमायल्जियात सूजच नसते. गुण येत नाही म्हणून त्या रोज घेतल्या जातात, आणि मग जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. नाव-पत्ता नसलेल्या पुडीबाबत तर अधिक सावध राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दोन दिवसांत अंग हलके वाटते, भूक वाढते, चेहरा भरतो. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक संपली तर जिवावर बेतू शकते. फायब्रोमायल्जियात स्टेरॉइडचा उपयोग नाही, हे वर उल्लेखलेल्या युरोपीय संघटनेनेही नोंदवले आहे.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. डॉक्टर कन्नडभाषक, रुग्ण मराठीभाषक आणि फाइल इंग्रजीत, अशा स्थितीत गोळी कशासाठी आहे हे अनेकींना कोणी सांगितलेलेच नसते, आणि ती रिकामी जागा व्हॉट्सॲप भरून काढते. सोबत दोन्ही भाषा येणारे माणूस न्यावे, आणि कोणती गोळी कशासाठी, गुण किती दिवसांत दिसायला हवा, आणि न आल्यास ती कशी कमी करायची, हे विचारून मराठीत लिहून घ्यावे. कर्नाटकातील रहिवासी महिलांना २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, त्यामुळे खानापूर किंवा चिकोडीहून फेरतपासणीला येण्याचे भाडे तरी वाचते.

संदेश वाचून ज्यांनी गोळ्या आधीच सोडल्या आहेत, त्यांनी घाबरून जुनी पूर्ण मात्रा एकदम पुन्हा सुरू करू नये. काही दिवस मध्ये गेले असतील तर गुंगी आणि तोल जाण्याचा धोका वाढतो. शेवटची गोळी कधी घेतली ते लिहून ठेवावे आणि ज्यांनी औषध दिले त्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. फिट आली किंवा शुद्ध हरपली तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे. जीव नकोसा वाटू लागला असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते.