तक्रार करायची तर कुठं? (सेलूच्या दादांना उत्तर)

दादा, सोमॅटिक मूव्हमेंट म्हणजे अंगाच्या आतल्या जाणिवेकडं लक्ष देत हळू हालचाली शिकायची पद्धत, मीही तेच शिकवते. ती शिकवणाऱ्यांची असोसिएशन असावी असं मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याच्यावर तुमची प्रतिक्रिया आली. दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथं सविस्तर लिहिते. तुम्ही म्हणालात, "ताई, मी पंचवीस वर्षं शाळेत पीटी शिकवतो. आपल्याकडं योग असताना हे परदेशी खूळ कशाला? अन् ती असोसिएशन म्हणजे डॉलरमधी फी घेऊन सर्टिफिकेट वाटायचं दुकान. ऊस तोडणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? पुरावा तरी काय याचा?"

पुराव्याचं आधी घेते, कारण ते लवकर संपतं. सगळ्या सोमॅटिक पद्धतींना मिळून एक पुरावा असं काही नसतंय, प्रत्येकीचं वेगळं बघावं लागतं. अलेक्झांडर टेक्निक म्हणजे बसण्या-उठण्याच्या, अंग आवळायच्या सवयी सुधारायची पद्धत, तिच्यावर २००८ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमधी इंग्लंडमधला मोठा अभ्यास आला होता, जुनाट पाठदुखीचे ५७९ पेशंट. वर्षानंतर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांचे चार आठवड्यातले २१ दिवस दुखण्यात जात होते, आणि २४ लेसन घेतलेल्यांचे ३. चांगला अभ्यास आहे. पण तो अलेक्झांडरचा आहे, तो दाखवून कुणी फेल्डेनक्राइस या दुसऱ्या सोमॅटिक पद्धतीचा किंवा स्वतःच्या घरच्या पद्धतीचा क्लास विकत असेल तर ते चूकच, आणि असं कुणी करू नये म्हणूनच मला संघटना पाहिजे.

आता दुकानाचं. इस्मेटा नावाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, अमेरिकेतली, १९८८ पासूनची, ती सरकारी लायसन देत नाही आणि तसं म्हणतही नाही. ती रजिस्टर ठेवते. ५०० तासांचं ट्रेनिंग झालेलं असावं लागतं, त्यानंतर शिक्षक म्हणून नाव लागतं किंवा थेरपिस्ट म्हणून, दोन्ही वेगळे धरलेत, आणि नाव टिकवायचं तर शिकत राहावं लागतं. कोणते ट्रेनिंग कोर्स धरायचे ते ती तपासते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आचारसंहिता आहे, कामाची हद्द लिहून ठेवलीय, आणि सभासदानं ती मोडली तर त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. माझा सगळा जीव या शेवटच्या गोष्टीत आहे दादा, सर्टिफिकेटच्या कागदात नाही.

का ते सांगते. माझी एक मैत्रीण एका शहरात मूव्हमेंटच्या वर्कशॉपला गेली होती, चांगले पैसे भरून. शिकवणाऱ्यानं न विचारता तिच्या कंबरेवर, बरगड्यांवर हात ठेवला, ती आखडली तर म्हणाला तुमच्यात ब्लॉकेज आहे, सोडा, मोकळ्या व्हा. भरल्या हॉलमधी. ती उठून बाहेर आली, आयोजकांना फोन केला तर ते म्हणाले सर बाहेरचे आहेत, आमचा काही संबंध नाही. पोलिसात जायची तिची तयारी नव्हती, आणि गेली असती तरी कुणी काय ऐकलं असतं देव जाणे. मग सांगा ना, तिनं जायचं कुठं? डॉक्टरविरुद्ध मेडिकल कौन्सिल आहे. फिजिओथेरपिस्टांसाठी २०२१ चा कायदा आलाय. आमच्या कामाला भारतात अजून कायद्यानं धड नावच नाही, उद्या कुणीही बोर्ड लावू शकतं, अन् लावूलालेत.

अंगाला हात लावायचं काम आहे हे. आपल्याकडं बायका हाडवैद्याकडं जातात, मालिशवालीकडं जातात, पण ती मालिशवाली गावातली असते, तिची सासू माहीत असते, चार घरं तिला ओळखतात. शहरातून येणाऱ्या सरांना कोण ओळखतंय? ती गावाची ओळख जिथं पोचत नाही तिथं रजिस्टर लागतं.

योगाचं म्हणाल तर मी योगाच्या विरोधात अजिबात नाही, लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून योगावर प्रयोगशाळेतून काम चाललंय, त्याचा मला अभिमानच आहे. पण बघा, योग आपल्या मातीतला असूनसुद्धा आयुष मंत्रालयाला २०१८ ला योग सर्टिफिकेशन बोर्ड काढावं लागलं. म्हणजे कोण शिकवतंय अन् काय शिकून आलंय हे विचारायची गरज योगालाही पडली. मग आमच्याच बाबतीत ते दुकान कसं?

आता ऊस तोडणाऱ्या बाईचं. हे तुम्ही लिहिलं ते मला लागलं, कारण पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, बीड जिल्ह्यात माघारी आलेल्या बायका माझ्याकडं बसतात, बहिणीच्या ओळखीनं येतात, त्यांच्याकडनं मी पैसे घेत नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढायचं, दिवसभर कंबरेत वाकून कोयता चालवायचा, सहा महिने. अशी बाई सतरंजीवर पाठीवर झोपवली, गुडघे उभे, आणि म्हटलं बाई आता नुसता माकडहाडाचा भाग अगदी थोडा खाली दाब अन् सोड, जोर लावू नको, तर पहिल्यांदा ती जोरच लावते, दात आवळून, कारण अंगाला दुसरं काही कुणी शिकवलेलंच नाही. मी हात लावायच्या आधी विचारते, "माय, इथं हात ठेवू का? नको वाटलं तर नको म्हण." बऱ्याच जणी गप होतात. एकीनं मला उलट विचारलं, "नको म्हणलं तर चालतंय का?" चालतंय. तोच नियम आचारसंहितेत लिहिलेला असतो, इंग्रजीत.

आणि हद्द म्हणजे काय तेही इथंच कळतं. कुणी म्हणाली दोन्ही पाय बधिर होतात, मांड्यांच्या मधे कळतच नाही, लघवी सुटते किंवा अडते, तर तिथं हालचाल-बिलचाल काही नाही, त्याच दिवशी दवाखाना, आंबाजोगाई नाहीतर लातूरचं सरकारी. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण असू शकते अन् तिथं तासांचा हिशोब असतो. मोकळं होईल, चार सेशन करू, असं म्हणणारा माणूस तिचा पाय कायमचा घालवू शकतो. ट्रेनिंगच्या ५०० तासांतले कितीतरी तास हे "माझं काम नाही" कुठं म्हणायचं ते शिकण्यात गेले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

तुमचा फीचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. डॉलरमधली फी अन् इंग्रजीतले फॉर्म, परभणी-हिंगोलीकडची शिकवणारी पोरगी तिथपर्यंत पोचतच नाही, आणि ती पोचली नाही तर तिच्याकडं येणाऱ्या बायकांना तक्रारीची जागा राहत नाही. यावर मी संघटनेलाही लिहिलंय, लिहीत राहणार. पण फी जास्त आहे म्हणून संघटनाच नको, हे मला पटत नाही. मराठवाड्यात आम्ही जे काही लोक हे काम करतो त्यांनी निदान आठ जिल्ह्यांपुरती आपली यादी करावी, मराठीत एक पानाची आचारसंहिता, ती प्रत्येक क्लासच्या भिंतीवर, खाली तक्रारीसाठी नंबर, आणि तो नंबर शिकवणाऱ्याचा स्वतःचा नसावा. तक्रार ऐकणाऱ्यांत निम्म्या बायका, आणि एक तरी माणूस आमच्या धंद्याबाहेरचा.

मसुदा तयार आहे, पुढच्या पोस्टमधे टाकते. पंचवीस वर्षं पोरापोरींना मैदानावर शिकवलंय तुम्ही, पोरींना हात न लावता कोलांटी कशी शिकवायची हे तुमच्याइतकं आमच्यातल्या कुणाला माहीत नसणार, तेव्हा तो वाचून त्यात काय राहिलंय ते सरळ लिहा. आणि धंद्याबाहेरचा तो एक माणूस तुम्ही व्हाल का, तेही कळवा.